विज्ञानकथेचे २०२४ साल : वर्षभर वापरून झाल्यावर

हा अभिप्राय मी मार्चमध्येच लिहायला घेतला होता आणि तेव्हा त्यात निव्वळ कौतुक होते. तो पुन्हा उघडावा लागला, याला कारण जानेवारीत बँकेकडून आलेला संदेश. एका ओटीटी सेवेने वर्षाची वर्गणी मला न विचारता पुन्हा कापून घेतली होती. दोन संध्याकाळी त्यांच्या मदतकक्षाशी वाद घातला, तरी ‘स्वयंचलित नूतनीकरणास आपली संमती आहे’ या वाक्यापलीकडे हाती काही लागले नाही. तेव्हा मी वही काढली, वर्षभरात पाहिलेल्या आणि वाचलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे खर्च मांडला आणि शेजारी एक रकाना आखला : गोष्ट पुरी झाली का?

कथानके ठाऊक आहेत असे धरूनच पुढे लिहितो. ज्यांचे पाहायचे राहिले आहे, त्यांनी इथेच थांबावे.

‘ड्यून’ चित्रपटाचा दुसरा भाग १ मार्चला, पहिल्याच दिवशी पाहिला. नायक पॉल वाळवंटातल्या अजस्र वाळूकिड्यावर प्रथम स्वार होतो, तेव्हा खुर्चीचे हात थरथरत होते आणि तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले, असे मी त्या रात्री लिहिले होते. ते मत आजही कायम आहे. मात्र फ्रँक हर्बर्ट यांची १९६५ सालची कादंबरी घरात होती, ती नंतर पुन्हा वाचली आणि एक गोष्ट खटकू लागली. कादंबरी आणि चित्रपट एकाच प्रसंगापाशी संपतात. कादंबरीत पॉल राजकन्येशी राज्यासाठी लग्न ठरवतो, त्याची प्रेयसी चानी त्याच्याजवळच राहते. चित्रपटात चानी पाठ फिरवून वाळवंटात निघून जाते. म्हणजे लेखकाने लावलेले दार दिग्दर्शकाने पुन्हा उघडून ठेवले. हा बदल वाईट नाही, उलट पॉलच्या प्रेषितपणावर शंका घेणारे एक माणूस त्यामुळे शेवटपर्यंत पडद्यावर राहते. परंतु पुढच्या तिकिटाची सोयही त्यातच झाली आहे, हे विसरता येत नाही.

त्याहून मोठी तक्रार आलियाची. कादंबरीत पॉलची ही धाकटी बहीण जन्मते, बोलते आणि लहान वयातच खलनायक बॅरनला विषारी सुईने संपवते. चित्रपटाच्या १६६ मिनिटांत ती आईच्या पोटातून बाहेरच येत नाही. आई तिच्याशी बोलते, पॉलला ती दृष्टान्तात मोठी झालेली दिसते, पण जन्म पुढच्या भागावर ढकललेला.

हे एकदाच घडले असते, तर मी सोडून दिले असते. २७ जूनला ‘कल्की २८९८ एडी’ आला. सुमतीच्या पोटातील बाळासाठी काशीपासून शंबालापर्यंत हाणामारी चालते, अश्वत्थामा झालेले अमिताभ बच्चन त्या गर्भाच्या रक्षणासाठी उभे ठाकतात (चित्रपटातला सर्वांत जिवंत भाग तोच), आणि सुमारे तीन तासांनंतरही बाळ जन्मत नाही. कमल हासन यांच्या हाती गांडीव येते आणि चित्रपट थांबतो. आमच्या चित्रपटगृहात मध्यंतरानंतर एकदा पडदा खरोखरच काळा पडून दहा मिनिटे गेली होती. त्यामुळे शेवटी दिवे लागले, तेव्हा शेजारचे काका ‘पुन्हा बिघडलं वाटतं’ म्हणून पॉपकॉर्न खात बसूनच राहिले. श्रेयनामावली बरीच वर सरकल्यावर ते उठले.

वर्षात गर्भारपणाची सुटका झाली ती फक्त ‘एलियन : रोम्युलस’मध्ये, आणि जे जन्माला आले ते पाहता ती झाली नसती तरी चालले असते. तरीही हिशेबाच्या दृष्टीने हा प्रामाणिक माल आहे : ११९ मिनिटे, एक अंतराळ स्थानक, एक संकट, शेवट.

मालिकांच्या बाबतीत मला स्वतःचा शेरा खोडावा लागला. ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’चे आठ भाग मार्चमध्ये एकदम आले. पनामा कालव्यात अदृश्य धाग्यांनी जहाजाचे काप होतात आणि क्षणभर ते अखंडच वाटत राहते, तो प्रसंग मी तीनदा पाहिला. आठव्या भागानंतर मात्र रागाने ‘अपूर्ण’ लिहून मोकळा झालो. पुढे लिउ त्सिशिन यांच्या मूळ कादंबऱ्या वाचल्या, तेव्हा लक्षात आले की परग्रहावरचा शत्रू पोहोचायलाच ४०० वर्षे लागणार असतील, तर आठ भागांत निकाल मागणे हाच मूर्खपणा होता. आता तिथे ‘चालू’ असे लिहिले आहे. ‘कॉन्स्टेलेशन’ पहिल्याच सीझननंतर रद्द झाली, तिला शेराच नाही. ‘सायलो’चा दुसरा सीझन १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि दर आठवड्याला एक भाग या चालीने १७ जानेवारी २०२५ ला संपला; वर्षाच्या वहीत तो मावलासुद्धा नाही.

गोष्ट पुरी व्हावी, ही माझी खोड जुनी आहे. विज्ञानकथा मी दिवाळी अंकांतून वाचायला शिकलो, आणि तिथे ती काही पानांतच संपायची. जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवलेली ‘कृष्णविवर’ ही कथाच होती, मालिकेचा पहिला भाग नव्हे.

म्हणूनच ‘ऑर्बिटल’ने मला गाठले असावे. समँथा हार्वे यांच्या या छोट्या कादंबरीला नोव्हेंबरमध्ये बुकर मिळाले, तेव्हा ती घेतली आणि मुंबईला जाता-येता गाडीतच वाचून संपवली. अंतराळ स्थानकावरची सहा माणसे, एक दिवस, पृथ्वीभोवती १६ फेऱ्या. खाली फिलिपिन्सकडे सरकणारे चक्रीवादळ आणि ते नुसते वरून पाहत राहण्याची असहायता. हिला विज्ञानकथा म्हणावे का, यावर घरात वाद आहे. यात परग्रहवासी नाहीत, युद्ध नाही, गर्भ नाही. सोळावी फेरी पुरी होते, दिवस संपतो आणि पुस्तकही.

वार्षिक वर्गणीचे स्वयंचलित नूतनीकरण मी बंद केले आहे. ‘सायलो’चे आणखी दोन सीझन जाहीर झाले आहेत, शेवटचा भाग प्रदर्शित झाल्यावर एका महिन्याची वर्गणी भरीन आणि सगळे एकदमच पाहीन.