क्यूओ-100 वर प्लुटोचा सिग्नल क्षीण पडतो: केबल बदलावी, ॲम्प्लिफायर घ्यावा की रेडिओ?

ॲडाल्म-प्लुटो हा छोटा एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ) घेऊन क्यूओ-100 या हौशी रेडिओच्या उपग्रहावर एसएसबीने (आवाज पाठवण्याची अरुंद पट्ट्याची पद्धत) बोलू पाहणाऱ्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओचालकाला, बहुधा पहिल्याच दिवशी अडचण येते ती अशी, की इतर स्थानके स्वच्छ ऐकू येतात, पण उपग्रहावरून परतणारा आपला स्वतःचा आवाज मात्र गोंगाटात बुडालेला असतो. त्यावर चार उपाय सुचवले जातात: सॉफ्टवेअरमधील पातळी वाढवणे, केबल बदलणे, ॲम्प्लिफायर जोडणे किंवा जास्त आउटपुटचा रेडिओ घेणे. या चारांचा खर्च सारखा नाही आणि लाभ तर मुळीच सारखा नाही, म्हणून पाकिटात हात घालण्यापूर्वी प्रत्येक उपायाने किती डेसिबल (3 डेसिबल म्हणजे शक्ती दुप्पट, 10 म्हणजे दहापट) पदरात पडतात, हे पाहणे आवश्यक आहे.

आधी तूट मोजावी. उपग्रहावरील नॅरोबँड ट्रान्सपॉन्डरचा (सिग्नल घेऊन परत पाठवणाऱ्या यंत्रणेचा) अपलिंक, म्हणजे वर जाणारा पट्टा, 2400.000 ते 2400.500 मेगाहर्ट्झ आणि डाउनलिंक, म्हणजे खाली येणारा, 10489.500 ते 10490.000 मेगाहर्ट्झ आहे. डाउनलिंकवरील बीकन, म्हणजे सतत येणारा खुणेचा सिग्नल, ही आपली मोजपट्टी समजावी. आपला सिग्नल बीकनपेक्षा प्रबळ असता कामा नये, असा तेथील नियम आहे आणि तो मोडणाऱ्याच्या सिग्नलवर ‘लैला’ नावाची यंत्रणा इशाऱ्याचा सूर चढवते. स्थिर सूर पाठवून वॉटरफॉलवर (सॉफ्टवेअरमधील सिग्नलच्या चित्रावर) तो बीकनच्या किती डेसिबल खाली दिसतो, हे टिपून ठेवावे. बोलण्याची पातळी सतत हलत असल्याने आवाजावरून केलेले मोजमाप फसवे ठरते.

सॉफ्टवेअरचा उपाय फुकट आहे, म्हणून तो प्रथम करावा. मात्र त्याची मर्यादा लवकर येते. प्लुटोचे ॲटेन्युएशन (आउटपुट कमी करणारी सेटिंग) 0 ते 89.75 डेसिबलपर्यंत पाव डेसिबलच्या टप्प्याने बदलते. ते 10 वर राहिले असेल, तर दहापैकी नऊ भाग शक्ती तेथेच थांबलेली असते. मायक्रोफोनची पातळी अर्धी असेल, तर शक्ती चौथाई होते. सिग्नल अधूनमधून तुटत असेल, तर यूएसबी केबल आणि वीजपुरवठा तपासावा. प्लुटोला केवळ विजेसाठी दुसरे यूएसबी सॉकेट दिलेले आहे, त्याचा उपयोग करावा. हे सर्व नीट केल्यावरही प्लुटोकडून सुमारे 7 डीबीएम, म्हणजे 5 मिलिवॅट एवढेच मिळतात, तर मध्यम आकाराच्या डिशवरून एसएसबीसाठी काही वॅट लागतात.

खरा घोळ बहुधा केबलमध्ये असतो. 2.4 गिगाहर्ट्झवर आरजी-58 केबल मीटरमागे साधारण 1 डेसिबल खाते, तर एलएमआर-400 सुमारे 0.22 डेसिबल. माझी डिश गच्चीवर आणि रेडिओ खालच्या खोलीत होता. मध्ये 12 मीटर आरजी-58, म्हणजे निघालेल्या शक्तीचा जेमतेम सोळावा भाग वर पोहोचत होता. पहिल्या पावसाळ्यानंतर तोही पोहोचेना. कनेक्टर उघडला तेव्हा जाळीच्या तारा हिरव्या पडलेल्या होत्या आणि मधल्या पांढऱ्या इन्सुलेशनवर पाण्याची रेघ स्पष्ट दिसत होती. दोन वीत केबल कापून टाकली तरी आतली जाळी काळीच निघत गेली. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेपचा खर्च केबलच्या किमतीतच धरावा.

आता नव्या रेडिओकडे पाहू. हॅकआरएफ वन या पट्ट्यात 13 ते 15 डीबीएम देतो, म्हणजे प्लुटोपेक्षा 6 ते 8 डेसिबल अधिक. लाइमएसडीआर मिनी 10 डीबीएमपर्यंत जातो. आकडा हॅकआरएफच्या बाजूने असला, तरी तो हाफ-डुप्लेक्स आहे, म्हणजे एका वेळी पाठवतो किंवा ऐकतो, त्यामुळे बोलताना स्वतःला ऐकण्यासाठी वेगळा रिसीव्हर लागतो. शिवाय तो 8 बिटचा आहे, प्लुटो 12 बिटचा (जास्त बिट म्हणजे सिग्नलची अधिक सूक्ष्म नोंद). 12 मीटर आरजी-58 च्या जागी एलएमआर-400 टाकल्यास नऊ डेसिबलहून अधिक परत मिळतात, म्हणजे एवढ्या अंतरासाठी चांगली केबल ही नव्या रेडिओपेक्षा सरस ठरते. केवळ आउटपुटसाठी रेडिओ बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ॲम्प्लिफायरला मात्र पर्याय नाही. प्रश्न आहे तो कोठे बसवावा, हा. ॲम्प्लिफायरच्या आधी झालेली घट पुढच्या टप्प्याने भरून काढता येते, त्याच्या नंतरची घट कशानेच भरून येत नाही. म्हणून शेवटचा ॲम्प्लिफायर डिशपाशी हवा. तेथे नेताना विजेची तार जाड घ्यावी: 12 मीटर अंतरावर 0.75 चौरस मिलिमीटरच्या तारेतून 3 अँपिअर गेले, तर जाऊन-येऊन सुमारे 1.6 व्होल्ट वाटेतच जातात आणि 12 व्होल्टवर चालणारा ॲम्प्लिफायर नेमका आवाज सर्वांत मोठा असतानाच लंगडतो. वाय-फायसाठी बनवलेले स्वस्त बूस्टर अनेक जण वापरतात. त्यांतील आपोआप चालू-बंद होणारे सर्किट काढून कायमचे पीटीटी (बोलताना दाबायच्या बटणाचे नियंत्रण) दिले नाही, तर शब्दांची सुरुवात कापली जाते. प्लुटोच्या आउटपुटमध्ये हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल) असतात, त्यामुळे ॲम्प्लिफायरपूर्वी 2.4 गिगाहर्ट्झचा बँडपास फिल्टर (फक्त तेवढाच पट्टा जाऊ देणारा) घालणे हे कर्तव्यच मानावे.

प्लुटोही डिशपाशी पेटीत ठेवून खाली इथरनेट आणणे शक्य आहे आणि त्याने केबलचा प्रश्नच मिटतो. पण त्याच्या मूळ क्रिस्टलची अचूकता 25 पीपीएम (दहा लाखांत 25 भाग), म्हणजे या पट्ट्यात 60 किलोहर्ट्झपर्यंतची चूक आहे, आणि विदर्भातील उन्हात तापलेल्या पेटीत फ्रिक्वेन्सी सरकत राहते. 0.5 पीपीएमचा टीसीएक्सओ (तापमानाची भरपाई करणारा क्रिस्टल ऑसिलेटर) बसवण्याची तयारी नसेल, तर रेडिओ खोलीत, एलएमआर-400 मध्ये आणि ॲम्प्लिफायर वर, ही मांडणी मला अधिक भरवशाची वाटते.

डिशविषयी थोडक्यात: डीटीएचच्या 60 सेंटिमीटरच्या छत्रीऐवजी 90 सेंटिमीटरची घेतल्यास साडेतीन डेसिबल वाढतात आणि ते ऐकतानाही मिळतात. फीड (डिशसमोरचा छोटा अँटेना) घरी बनवला असेल, तर तो डाव्या वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा आहे ना, हे पाहावे; डिशवरून परावर्तित होताना ते उलटून उपग्रहाला हवे असलेले उजवे होते. येथे चूक असेल, तर कितीही वॅट ओतले तरी सिग्नल वर येत नाही.

मुंबईतून हा उपग्रह सुमारे 253 अंश दिशेला, क्षितिजापासून 33 अंश उंचीवर आहे. नागपुरातून उंची 26 अंशांच्या आसपास. ज्यांच्या सज्जाला पश्चिम-नैर्ऋत्येचे आकाश मोकळे आहे आणि डिश तेथेच दोन मीटरवर बसते, त्यांनी केबलवर खर्च न करता सरळ फिल्टर आणि ॲम्प्लिफायर घ्यावेत. ज्यांना गच्चीच गाठावी लागते, त्यांनी आधी केबल बदलून तोच सूर पुन्हा बीकनशी ताडून पाहावा आणि उरलेल्या तुटीइतकाच ॲम्प्लिफायर निवडावा.