पुळण ओलांडायची तर: लाकडी वाट, चटई की रुंद चाकांची खुर्ची?

कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर अपंगांसाठी सोय करायची आहे आणि पैसे सध्या एकाच गोष्टीपुरते आहेत, असं धरून चालू. ग्रामपंचायत असो की किनाऱ्यालगतचं रिसॉर्ट, प्रश्न हाच असतो.

ओहोटीला उघडी पडणारी ओली वाळू आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी इतकी घट्ट असते की लोक तिच्यावरून मोटारसायकली नेतात. व्हीलचेअर अडते ती त्याआधीच, सुरूच्या बनापासून भरतीच्या खुणेपर्यंतच्या कोरड्या पुळणीत. पुढची लहान चाकं रुततात आणि खुर्ची जागेवरच थांबते. तेव्हा आधी हा पट्टा ओलांडायला हवा.

कायमच्या लाकडी वाटेचं आपल्या देशातलं ठळक उदाहरण म्हणजे चेन्नईचा मरिना किनारा. तिथल्या अपंग हक्क कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये २६३ मीटर लांबीची वाट खुली झाली. खर्च सुमारे १ कोटी १४ लाख रुपये. पुढच्याच महिन्यात मंदौस चक्रीवादळात तिचं नुकसान झालं आणि दुरुस्ती करावी लागली. वाट उत्तमच आहे, रुंद आणि कठड्याची. पण एवढा खर्च महापालिकेला झेपतो. आपल्याकडे सीआरझेडची (किनारपट्टीवरच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या नियमांची) परवानगी, दर पावसाळ्यात सरकणारी वाळू आणि उधाणाचा मार या तिन्हींचा हिशेब आधीच मांडावा लागेल.

गुंडाळून ठेवता येणारी चटई मला जास्त पटते. जाड पॉलिस्टरची, खुंट्यांनी वाळूत घट्ट बसवायची, पावसाळ्याआधी काढून ठेवायची. पक्कं बांधकाम नाही. तिच्यावरून माणूस आपल्या रोजच्या खुर्चीत बसून, आपल्या हातांनी चाकं फिरवत जातो. पांढरी काठी वापरणाऱ्याला तिची कड वाट दाखवते; कुबड्या, वॉकर, बाबागाडी, गुडघे दुखणारी आजी, सगळ्यांनाच ती उपयोगी पडते. उणीव एकच, पण मोठी: वाऱ्याने वाळू चढते. रोज सकाळी झाडू मारणारा माणूस नेमला नाही, तर काही दिवसांतच ती वाळूखाली जाईल.

रुंद, फुगीर चाकांची खुर्ची कोरड्या वाळूवरूनही जाते, काही प्रकार तर पाण्यावर तरंगतात. लाटेत पाय भिजवायचे असतील तर हाच मार्ग. मात्र ती सहसा मागून कुणीतरी ढकलावी लागते, बसणाऱ्याला स्वतःला चालवता येत नाही. शिवाय आपल्या खुर्चीतून त्या खुर्चीत बसवायला मदतनीस लागतो आणि पाण्यात उतरताना जीवरक्षक जवळ हवाच. प्रशिक्षित माणूस नसेल तर ती कुलपात पडून राहते. म्हणून ही खरेदी दुसऱ्या टप्प्यात.

ग्रीसमधल्या अनेक किनाऱ्यांवर ‘सीट्रॅक’ नावाची सौरऊर्जेवर चालणारी यंत्रणा आहे. रुळावरची खुर्ची रिमोटने थेट पाण्यात उतरते, कुणाच्याही आधाराशिवाय. पाहून हेवा वाटतो. पण तिथल्या समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच. कोकणात उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी दोन-तीन मीटरने, काही ठिकाणी त्याहूनही जास्त खालीवर होते. सपाट किनाऱ्यावर ते रूळ ओहोटीला कोरडे पडतील आणि भरतीला बुडतील. आपल्याकडे तो विचार सोडलेलाच बरा.

माझा कौल चटईला, कारण तिच्यावरून जाणाऱ्याला दुसऱ्या कुणाची वाट पाहावी लागत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये आला. सोय मागणं हा हक्क आहे, उपकार नव्हे.

खरेदीआधी गावातल्या आणि आसपासच्या व्हीलचेअर वापरणाऱ्यांना किनाऱ्यावर बोलवा आणि चटई कुठून कुठपर्यंत टाकायची ते त्यांनाच ठरवू द्या. सुरुवात वाहनतळापासून व्हावी, मध्ये एकही पायरी नको. जवळच्या स्वच्छतागृहाचं दार किमान ९० सेंटिमीटर मोकळं उघडतं का, तेही मोजा. आणि चटईच्या टोकाला दीड मीटर लांब-रुंद चौकोन जोडून घ्या. तिथे खुर्ची वळवता येते आणि सोबतच्यांना शेजारी बसता येतं.