डीएसएलआरवरून मिररलेसवर: बाकी सगळं मान्य, पण सेन्सरवरच्या धुळीचं काय?

मोकळ्या आकाशाच्या फोटोत पाच-सहा करडे ठिपके. एफ ४ ला (लेन्सचं छिद्र मोठं असताना) दिसत नाहीत, एफ ११ च्या पुढे, म्हणजे छिद्र लहान केलं की ठळक होतात. दुरुस्ती केंद्रात कॅमेरा दाखवल्यावर उत्तर मिळालं, "काचेवर ओरखडे आहेत, सेन्सर युनिट बदलावं लागेल." कॅमेरा दोन लाखांच्या पुढचा, त्यामुळे युनिटचा खर्च किती हे वेगळं सांगायला नको. तेच ठिपके ओल्या स्वॅबचा, म्हणजे सेन्सर पुसायच्या मऊ पट्टीचा, हात दोनदा फिरवल्यावर निघून गेले. ओरखडा कुठेच नव्हता, फवारणीचा वाळलेला तुषार होता. मिररलेसवर येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पैसे भरण्याआधी माहीत असायला हवी, म्हणून हा अनुभव धुळीपासूनच सुरू करतो.

बदल असा: कॅननच्या ५डी मार्क ४ या आरशाच्या डीएसएलआरवरून आर६ मार्क २ या बिनआरशाच्या मिररलेसवर. जुन्या ईएफ (डीएसएलआरच्या) लेन्स अ‍ॅडॉप्टरवर तशाच ठेवल्या. एक पावसाळा, एक हिवाळा आणि उन्हाळ्याचा बराचसा भाग वापरून झाला. काम नाशिक जिल्ह्यातलं: नांदूर मध्यमेश्वरला पक्षी, लॉन्सवरची लग्नं आणि पावसात त्र्यंबक-अंजनेरीचे डोंगर. मेगापिक्सेल आणि फ्रेमचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, ते पुन्हा लिहीत नाही.

डीएसएलआरमध्ये लेन्स काढली की समोर आरसा असतो, त्याच्या मागे शटर आणि त्याच्याही मागे सेन्सर. ईएफ माउंटपासून (लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून) सेन्सर ४४ मिलिमीटर आत. कॅननच्या मिररलेसच्या आरएफ माउंटमध्ये आरसाच नाही आणि अंतर २० मिलिमीटर. निकॉनमध्ये एफ माउंटचं ४६.५ होतं, झेडमध्ये १६ आहे. सोनीच्या ई माउंटचं १८. म्हणजे लेन्स काढल्याक्षणी बोटाच्या पेरापेक्षा कमी अंतरावर सेन्सर उघडा पडतो. कॅननने २०१८ च्या ईओएस आर पासून यावर एक उपाय दिला: पॉवर बंद केली की शटरचा पडदा सेन्सरसमोर येतो. आर६ मार्क २ च्या मेन्यूत पॉवर बंद केल्यावर शटर उघडं ठेवायचं की बंद, हा पर्याय आहे. तो 'बंद' वर आहे ना, हे पहिल्याच दिवशी बघा. आणि हे फक्त स्विच ऑफ केल्यावर होतं. काही मिनिटं हात लागला नाही म्हणून स्क्रीन झोपली, तर पडदा पडला असं धरून चालू नका. स्विच ऑफ, मनात एक-दोन म्हणायचं, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे आणि मगच लेन्स फिरवायची. प्रत्येक मॉडेलमध्ये ही सोय नाही. कॅननच्याच आरपीमध्ये नाही. निकॉनच्या झेड८ आणि झेड९ मध्ये यांत्रिक शटरच नाही, पण सेन्सर झाकणारं वेगळं आवरण आहे. घेताना मेगापिक्सेलच्या आधी हे विचारा.

पडदा पडला म्हणजे निर्धास्त, असंही नाही. धूळ पडद्याच्या पात्यांवर बसते, पॉवर चालू केली की पाती सरकतात आणि तीच धूळ आत जाऊ शकते. शिवाय ही पाती फार नाजूक असतात, बोट किंवा ब्लोअरची (हवेचा झोत मारायच्या रबरी फुग्याची) चोच लागली तर शटरचा खर्च वेगळा. तरीही उघड्या सेन्सरपेक्षा पडदा शंभर पटीने बरा. एक धोका मात्र लक्षात ठेवा: लेन्सला टोपी न लावता कॅमेरा उन्हात गळ्यात अडकवून फिरू नका. डीएसएलआरमध्ये सूर्याचा झोत आरशावर पडून वर वळायचा, इथे तो थेट पडद्यावर किंवा सेन्सरवर गोळा होतो.

आता आपल्या भागातली धूळ. सगळी धूळ सारखी नसते आणि उपाय ठरतो तो तिच्या जातीवरून. नांदूर मध्यमेश्वरकडच्या कच्च्या रस्त्यांवरचा मुरूम कोरडा असतो, तो हवेच्या झोताने उडतो. लासलगावच्या बाजार आवारात कांद्याच्या टरफलांचा भुगा उडतो, तोही बहुतेक वेळा ब्लोअरने जातो. त्रास देते ती द्राक्षबागेतली फवारणी. ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात ट्रॅक्टरच्या पंपाचा तुषार हवेत तरंगत असतो, त्यात गंधक असतं, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण असतं. तो बसला आणि वाळला की ब्लोअरला दाद देत नाही. सेन्सरवर गोल, मधे फिकट आणि कडेला गडद असा डाग दिसतो. वरच्या दुरुस्ती केंद्राने ओरखडा म्हटला तो हाच. ओरखडा रेघेसारखा असतो, गोल नसतो, एवढं तरी ओळखता यायला हवं. बागेजवळ फवारणी चालू असेल तर लेन्स बदलू नका, बस. गुलालाचंही तसंच: विसर्जन मिरवणूक किंवा रंगपंचमीला रहाडींच्या (रंगाच्या पाण्याच्या हौदांच्या) गर्दीत एकच झूम लावून निघायचं आणि घरी येईपर्यंत ती काढायची नाही.

इथे लेन्सचाही संबंध येतो. जुनी ईएफ ७०-२०० एफ २.८ झूम करताना लांबीला वाढत नाही. आरएफमधली पहिली ७०-२०० एफ २.८ नळी बाहेर काढते, आत घेते आणि त्याबरोबर हवा ओढते. ती लेन्स हलकी आणि उत्तम आहे, तरी धुळीच्या कामासाठी जुनी ईएफच अ‍ॅडॉप्टरवर ठेवली आणि ती विकायचा विचार सोडला. सगळ्या लेन्स ईएफ असतील तर अ‍ॅडॉप्टर बॉडीलाच लावून ठेवा. त्याची २४ मिलिमीटरची नळी मधे राहते आणि लेन्स सेन्सरपासून तेवढी लांब बदलली जाते.

डाग तपासायची पद्धत. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर प्रायोरिटी (छिद्र आपण ठरवायचं, वेग कॅमेरा ठरवतो), एफ १६ किंवा एफ २२, फोकस मॅन्युअल करून अनंतावर. पांढरा कागद किंवा मॉनिटरवरची कोरी पांढरी खिडकी जवळून पूर्ण फ्रेममध्ये घ्यायची आणि शटर उघडं असताना कॅमेरा थोडा हलवायचा. कागदाचा पोत पुसला जातो, सेन्सरवरचे डाग मात्र जागच्या जागी राहतात. फोटो १०० टक्के मोठा करून कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. धूळ पिक्सेलवर नसते, त्यांच्यापुढच्या फिल्टरच्या काचेवर असते, म्हणून मोठ्या अ‍ॅपर्चरला तिची सावली विरघळते आणि एफ १६ ला ठसठशीत होते. जागा शोधताना एक गल्लत नेहमी होते: फोटोत डाग वर डावीकडे असेल तर समोरून सेन्सरकडे बघताना तो खाली डावीकडे असतो. वर-खाली उलटतं, डावं-उजवं तसंच राहतं.

साफसफाई. आधी मेन्यूतली आपोआप सफाई, मग हाताने. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, कारण 'हाताने साफ करा' निवडल्यावर शटर उघडं राहतं आणि मधेच बॅटरी संपली तर पडदा स्वॅबवर येऊन आपटतो. बाथरूममध्ये गरम पाणी पाच मिनिटं सोडून बंद करा, हवेतली धूळ खाली बसते. वाफ पूर्ण ओसरल्यावरच कॅमेरा आत न्या, पंखा बंद. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून रबरी ब्लोअरचे आठ-दहा झोत. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचा कण वाळला की तोही तुषारासारखाच चिकटतो. डबाबंद हवेचा फवारा तर अजिबात नको, त्यातलं द्रव सेन्सरवर गोठतं. परत तपासणी फोटो. एवढ्यावर गेलं तर थांबा.

नाही गेलं तर फुल फ्रेमसाठी २४ मिलिमीटर रुंदीचा स्वॅब, त्यावर सेन्सर क्लीनरचे दोन थेंब. तिसरा थेंब टाकला की कडेला ओघळ राहतो. दहा सेकंद थांबून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच सलग हात, मग स्वॅब उलटा करून दुसऱ्या बाजूने परत. तो स्वॅब फेकून द्यायचा, दुसऱ्यांदा वापरायचा नाही. दाब अगदी हलका. आर६ मार्क २ चा सेन्सर स्थिरीकरणासाठी चुंबकांवर तरंगता असतो, त्यामुळे दाबला तर हलतो. तो सरकला म्हणून घाबरू नका, पण जोरही लावू नका. चिकट डागाला दोन स्वॅब लागतात. स्वॅबचं पाकीट आणि बाटली मिळून खर्च दुरुस्ती केंद्राच्या एका फेरीपेक्षा कमी होतो, आणि कॅमेरा आठवडाभर दुसऱ्याच्या कपाटात पडून राहत नाही.

बॅटरीबद्दलचं सुरुवातीचं मत वाईट होतं. ५डी मार्क ४ ला कंपनीच्या मापाने सुमारे ९०० फोटो, इथे व्ह्यूफाइंडरवर सुमारे ४५०. पण हे माप एकेक फोटो थांबून थांबून काढण्याचं आहे. पक्ष्यांच्या कामात बर्स्ट, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो, असतो, त्यात आकडा कितीतरी वर जातो. आता हिशेब फोटोंचा नाही, डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेल्या तासांचा करावा लागतो. लग्नाला तीन बॅटऱ्या पुरतात. जुनी एलपी-ई६एन चालते, क्षमता १८६५ मिलीअँपियर-तास. नवी एलपी-ई६एनएच २१३० ची. जुन्या फेकू नका. डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या पहाटेच्या थंडीत राखीव बॅटरी खिशात ठेवा, आणि तिथून गरम गाडीत शिरताना कॅमेरा बॅगेत बंदच राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं.

मन जिंकलं ते फोकसने. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर आरशाखाली वेगळा असायचा, म्हणून तो आणि मुख्य सेन्सर जुळले नाहीत की फोकस पुढे-मागे पडायचा आणि प्रत्येक लेन्सला मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट करत बसावं लागायचं. इथे फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, ती कटकट मुळापासून गेली. ७०-२०० एफ २.८ वर फोकस जितका नेमका आता बसतो, तितका ५डीवर कधी बसला नाही. चित्रबलाक किंवा मोर शराटी उडताना डोळ्याची चौकट चिकटून राहते. पाणकणसाच्या आड बसलेल्या पक्ष्याला मात्र पूर्ण फ्रेमचं ऑटोफोकस पुढच्या पात्याला पकडतं; तिथे स्पॉट पॉइंटने (एकाच बारीक ठिपक्यावर फोकस) सुरुवात करून मग डोळा पकडू द्यायचा. आणि लेन्स दूरच्या पार्श्वभूमीवर अडकली असेल तर जवळचा पक्षी दिसूनही फोकस पुढे येत नाही. आधी पक्ष्याच्याच अंतरावरच्या जमिनीवर फोकस घ्या, मग पक्षी. रॉ बर्स्टमध्ये बटण दाबण्याआधीचा अर्धा सेकंद जमा होतो. खंड्या सूर मारताना त्याचं मोल कळतं.

इलेक्ट्रॉनिक शटरचा ४० फ्रेमचा वेग लग्नात विसरा. त्यात फ्लॅश पेटत नाही, आणि स्टेजमागच्या एलईडी भिंतीवर काळे-उजळ पट्टे येतात, कारण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. यांत्रिक शटर ठेवा. साध्या दिव्यांना १/५० किंवा १/१०० चालतं, आपली वीज ५० हर्ट्झची. एलईडी भिंतीला मेन्यूतलं उच्च वारंवारतेचं अँटी-फ्लिकर वापरून वेग बारीक बारीक सरकवायचा, पट्टे व्ह्यूफाइंडरमध्ये विरेपर्यंत. फक्त मधल्या पिनवर चालणारा साधा ट्रिगर लावल्यावर व्ह्यूफाइंडर काळा पडला तर कॅमेरा बिघडलेला नाही, एक्स्पोजर सिम्युलेशन (फोटो जितका उजळ येणार तितकाच आधी दाखवणं) बंद करा.

निकॉनवाल्यांसाठी एक ओळ: जुन्या लेन्स झेड बॉडीला जोडणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स मॅन्युअलवरच चालतील. बदलाचा हिशेब मांडताना त्या लेन्स त्यातून वगळा.

पावसाळ्यात बुरशीचा धोका डीएसएलआरइतकाच. त्र्यंबकहून आल्यावर लेन्स ओल्या बॅगेत ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतेचा छोटा काटा, ४० ते ५० टक्क्यांदरम्यान.

सिंहस्थाच्या तोंडावर बरेच जण जुना डीएसएलआर देऊन वापरलेला मिररलेस शोधत आहेत. गर्दीत, गुलालात, पाण्यात दोन बॉडी असणं जास्त उपयोगाचं, म्हणून जुनी बॉडी पडेल भावात विकू नका. घाटावर एकीवर वाइड आणि दुसरीवर टेली लावली की लेन्स बदलायचा प्रश्नच उरत नाही. वापरलेला मिररलेस घेत असाल तर विकणाऱ्याकडून आधी एफ १६ चा पांढऱ्या कागदाचा फोटो मागा, तोही तुमच्यासमोर काढलेला. गोल डाग असतील तर भाव थोडा पाडा आणि घ्या, स्वॅबने निघतील. बारीक सरळ रेघ दिसली तर परत फिरा.