जळालेला कार्स्ट उतार: काळा पाइन लावावा की हॉर्नबीम फुटू द्यावा?

जुलै 2022 च्या वणव्यानंतर स्लोव्हेनिया-इटली सीमेवरच्या कार्स्ट या चुनखडी पठाराच्या उतारांवर हा पेच खरा आहे: सुईसारख्या पानांचा काळा पाइन, की रुंदपानी हॉप हॉर्नबीम?

खर्चात पाइन जड. खडकाच्या भेगांत माती शोधून रोप लावायचं, आणि पहिल्याच कोरड्या उन्हाळ्यात ते वाळू शकतं. हॉप हॉर्नबीमचं खोड जळलं तरी बुंध्यातून धुमारे येतात. जिवंत मुळं माती धरून ठेवतात, हे सगळ्यात मोलाचं. मात्र हरणं कोवळे शेंडे खातात, तिथे कुंपण हवंच.

आगीत पाइनची राळ भडकते, जळालेला बुंधा पुन्हा फुटत नाही.

जिवंत बुंधे असतील तिथे हॉर्नबीमच राखा. बुंधेच नसलेल्या उघड्या माळावर पाइन लावा, पण विरळ, रुंदपानी झाडांना जागा सोडून.