हिरवी कॉफी घ्यायचीय? वायनाड, चिकमगळूर, अराकू की मॉन्सूनवाली मलबार

इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरांत हल्ली पोह्यांच्या जोडीला न भाजलेल्या कॉफीचा काढा दिसू लागलाय. सियागंजच्या बाजारात बिया घ्यायला जाल, तर पाकिटावरच्या गावाच्या आधी जात विचारा: अरेबिका की रोबस्टा? माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होतो.

हिरव्या बीमधलं मुख्य अँटिऑक्सिडंट म्हणजे क्लोरोजेनिक आम्लं. भाजताना त्यांचा बराच भाग नष्ट होतो, म्हणून तर बी कच्ची घ्यायची. अरेबिकात ती वजनाच्या साधारण 5 ते 8 टक्के असतात, रोबस्टात 7 ते 10. म्हणजे केवळ अँटिऑक्सिडंट हवे असतील, तर केरळातल्या वायनाडची रोबस्टा सरस. कर्नाटकातल्या चिकमगळूरची आणि आंध्रातल्या अराकूची नावाजलेली कॉफी अरेबिका. त्यांच्यातला फरक जातीच्या फरकाहून छोटा असतो, आणि पीक किती पिकलं, बी कशी धुतली-वाळवली, यावरही तो हलतो. या तिन्ही कॉफींना 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते मूळ ठिकाणाची खूण आहे, पोषणाचा दाखला नव्हे.

खनिजांवरून मात्र प्रदेश निवडू नका. सगळ्याच बियांत पोटॅशियम सर्वांत जास्त, मग मॅग्नेशियम आणि कॅल्शियम. जमीन आम्लधर्मी असेल तर झाड मँगनीज जास्त ओढतं, असे फरक प्रयोगशाळेत बीचं मूळ ओळखायला कामी येतात. पण 10 ग्रॅम बीत पोटॅशियम असतं दीडशे-दोनशे मिलिग्रॅम, आणि तेही सगळं काढ्यात उतरत नाही. एका केळ्यात त्याच्या दुप्पट मिळतं.

मॉन्सूनवाली मलबार काढ्यासाठी घेऊ नये. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यात ठेवून ती फुगवतात. तिची खासियत भाजल्यावरच्या कमी आंबट चवीत आहे.

दुकानात बी तळहातावर घेऊन बघा. अरेबिका लांबट, मधली चीर नागमोडी. रोबस्टा गोलसर, चीर सरळ. मलबार फिकट पिवळी, टपोरी. वास कुबट आला, तर कुठल्याही गावची असो, परत करा.

कॅफिनचा हिशेब मोठा आहे: अरेबिकात सुमारे 1.2 टक्के, रोबस्टात 2.2. झोप उडत असेल, धडधडत असेल किंवा रक्तदाब असेल, तर चिकमगळूर किंवा अराकू घ्या, तीही थोडी आणि डॉक्टरांना विचारून. धडधाकट माणसाने सकाळी वायनाड घ्यायला हरकत नाही. वजन उतरेल म्हणून मात्र कुठलीच नको. ज्या 2012 च्या शोधनिबंधावर तो बोलबाला झाला, तो 2014 मध्ये मागे घेतला गेला.

आणि काढा पोह्यांबरोबर घेऊ नका. हीच आम्लं अन्नातलं लोह अंगी लागू देत नाहीत. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांनी तर खाणं आणि काढा यांत किमान तासाभराचं अंतर ठेवावंच.