आनंदीबाईंच्या हातचे अक्षर : फिलाडेल्फियातील एका वैद्यकीय दप्तराचा परिचय

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे ड्रेक्सेल विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील ‘लेगसी सेंटर’ या अभिलेखागाराने आपल्याकडील जुन्या डॉक्टरांच्या कागदपत्रांपैकी काही इंटरनेटवर पाहण्यासाठी खुली ठेवली आहेत. गेले काही आठवडे रात्री दवाखाना बंद झाल्यावर मी ती नाशिकमध्ये बसून वाचते आहे, आणि मराठी वाचकाने, त्यातही वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांनी, ती आवर्जून पाहावीत असे मला मनापासून वाटते.

स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे म्हणून १८५० मध्ये या शहरात निघालेल्या महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि १८९२ मध्ये गुरुबाई करमरकर यांनीही तिथलीच पदवी घेतली. पुढे त्या महाविद्यालयाचे नाव बदलले, विलीनीकरण झाले आणि अखेर ते ड्रेक्सेलकडे आले. मात्र या सगळ्या उलथापालथीत दप्तर टिकले.

या संग्रहातील सर्वांत मोलाचा कागद म्हणजे आनंदीबाईंनी २८ जून १८८३ रोजी प्रवेशासाठी लिहिलेले पत्र. त्या वेळी त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने आपण इथवर आलो, तोच निश्चय पुढेही उपयोगी पडेल आणि पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी आपल्याला हे शिकायचे आहे, असे त्या सांगतात. हा मजकूर चरित्रांतून आपण वाचलेला असतो. तरीही तो त्यांच्याच अक्षरात पाहताना मी बराच वेळ पुढे सरकू शकले नाही. विनंतीचे पत्र असूनही त्यात लाचारीचा लवलेश नाही. एकोणिसाव्या शतकातले जोडून लिहिलेले इंग्रजी वाचायला वेळ लागतो, म्हणून मोबाइलपेक्षा संगणकावर पान मोठे करून वाचावे.

१० ऑक्टोबर १८८५ चे छायाचित्रही असेच बारकाईने पाहण्याजोगे आहे. आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबूली आपापल्या देशीच्या वेशात बसल्या आहेत. खालच्या ओळीत आनंदीबाईंच्या गावाच्या नावाचे स्पेलिंग पार बिघडले आहे. ते बंगालमधले श्रीरामपूर, आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातले नव्हे. नावामागे ‘डॉक्टर’ आहे, पदवी मात्र पाच महिन्यांनी मिळाली. अशा विसंगती मूळ कागद पाहिल्यावरच ध्यानात येतात.

आनंदीबाईंचा पदवीसाठीचा प्रबंधही याच संग्रहातला. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्याचा विषय, आणि प्रसूतितज्ज्ञ म्हणून मला तो पत्राइतकाच महत्त्वाचा वाटतो.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्या नाशिकमध्ये आहे आणि राज्यभरातील डॉक्टरांच्या पदव्यांवर त्याचे नाव असते. या डॉक्टरांच्या घरी आजही वह्या, पत्रे, केस पेपर पडून असतील. आमच्या घरी आजोबांच्या दवाखान्याच्या वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या. बाळंतपणांच्या नोंदींची एकच वही बचावली. हे दप्तर पाहिल्यानंतर मी तिच्यावरचे प्लास्टिक काढले, ती सुती कापडात गुंडाळली आणि रविवारपासून एकेका पानाचे छायाचित्र काढायला घेतले आहे.