तीन तोळ्यांची मोड: सोनाराकडून घडवून घ्यायची की तयार दागिना?

लग्नसराई जवळ आली की बेळगावकडच्या घरांतून हा वाद हमखास होतो. आजीच्या पाटल्या, एक तुटकी चेन, दोन कुड्या, सगळी मिळून तीन तोळ्यांची मोड, म्हणजे मोडीत घालायचं जुनं सोनं. आई म्हणते, शहापूरच्या सराफ गल्लीतल्या नेहमीच्या सोनाराकडे टाकू. मुलीला मोबाईलवरचं डिझाइन हवं असतं, म्हणून ती शोरूमचं नाव काढते. निपाणीकडची मंडळी तर सरळ कोल्हापूरची गुजरी गाठतात.

पहिलं म्हणजे तोळ्यात बोलू नका. आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आताचा १० ग्रॅमचा. निम्मी भांडणं इथेच होतात.

सोनं आपलंच राहतं, पैसे जातात मजुरीत आणि घटीत (घडवताना वाया जाणाऱ्या सोन्यात), आणि ते परत येत नाहीत. समजा, शोरूममधला कास्टिंगचा, म्हणजे साच्यात ओतलेला, भरीव हार २० ग्रॅमचा आणि मजुरी १२ टक्के. म्हणजे २.४ ग्रॅम सोन्याचे पैसे मजुरीत गेले. सोनाराने तेवढाच भरगच्च दिसणारा हार १४ ग्रॅममध्ये बसवला आणि १८ टक्के मागितले, तर मजुरी २.५२ ग्रॅमची. १८ टक्के ऐकून लोक उठून जातात. पण मजुरी जवळजवळ सारखीच पडते आणि सहा ग्रॅम सोनं वाचतं. कारागिराचं खरं कसब इथे दिसतं.

याचं उत्तम उदाहरण बोरमाळ, कानडी घरांतली गुंडिन सरही त्याच जातीची. पातळ पत्र्याचे पोकळ मणी, आत लाख. गळ्यात भारदस्त दिसते, सोनं मात्र बेताचं. खोट एवढीच की मणी चेपतो, आणि मोडीत घालताना किंवा बँकेत गहाण ठेवताना लाखेचं वजन वजा होतं. बिलावर निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या. ठुशीचे बारीक मणी घट्ट गाठवलेले असतात, पुढे ऐपत वाढली की मणीही वाढवता येतात. कोल्हापुरी साजात तर कासव, मासा, बेलपान, भुंगा यांतलं काय घ्यायचं आणि काय गाळायचं हे आपल्या हातात. हे तिन्ही मी तरी हाताचेच घेईन.

अंगठी, खड्यांचं पेंडंट, रोजचे टॉप्स मात्र तयारच घ्यावेत. कास्टिंगमध्ये खर्च असतो तो मेणाच्या नमुन्याचा आणि साच्याचा. तो शंभर नगांवर वाटला की स्वस्त पडतो, आपल्या एकट्याच्या अंगठीवर सगळाच बसतो. मोबाईलवरचा फोटो दाखवून ‘डिट्टो अशीच करा’ म्हणणं म्हणूनच सगळ्यांत महाग पडतं.

हॉलमार्कच्या बाबतीत शोरूम सोयीचं. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकायच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, सक्तीचा आहे. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो तपासता येतो. दोन ग्रॅमखालच्या वस्तूंना सूट आहे. घरच्या सोनाराची बीआयएसकडे नोंदणी नसेल, तर नोंदणी असलेल्या सराफामार्फत शिक्का मारून घ्यायचं आधीच ठरवा. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं ऐकावं लागेल. ऐकून घ्या, शिक्का सोडू नका.

उसाचं बिल लांबलं की ज्या घरातलं सोनं बँकेत जातं, त्यांनी नक्षी आणि खड्यांच्या मागे लागू नये. बिनखड्याच्या, ९१६च्या (२२ कॅरेटच्या) साध्या बांगड्या घ्याव्यात. जो दागिना लेकीकडून नातीकडे जाणार, त्याला घडणावळ मोजावी. तीन तोळ्यांत दोन्ही बसतं: निम्म्याची ठुशी, निम्म्याच्या बांगड्या. आणि आजीच्या पाटल्यांवर हाताचं जुनं काम असेल, तर त्या मोडूच नका, उजळून घाला. तसं काम आज करून घ्यायचं तर मजुरी ऐकून घाम फुटेल.

मोड द्यायची ती आपल्यासमोर तपासून आणि गाळून, वजन व कॅरेट चिठ्ठीवर घेऊनच. सोनाराकडे टाकणार असाल तर मुहूर्ताच्या महिना-दीड महिना आधी टाका. मणी झाले तरी गाठवायला पटवेकऱ्याकडे जावं लागतं, आणि सराईत त्याच्याकडे रांग असते.